टाकीतला शार्क, ताटातला बासा

मुंबई-ठाण्याकडच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जा. एका टाकीत बोटाएवढे, चंदेरी अंगावर काळसर पट्टे असलेले मासे सैरावैरा पळताना दिसतील. दुकानदार त्यांना ‘शार्क’ म्हणतो. पोरांना शार्क हवाच असतो, त्यामुळे जोडी घरी येते. त्याच संध्याकाळी ते कुटुंब हॉटेलात जातं आणि फिश फिंगर मागवतं. ताटात येणारा पांढराशुभ्र, बिनकाट्याचा तुकडा बऱ्याचदा त्याच जातीच्या माशाचा असतो. तिथे त्याला बासा म्हणतात. शार्कशी त्याचं काही नातं नाही. तो मिशावाला मासा, आपल्या शिंगाळ्याच्या दूरच्या भावकीतला. शास्त्रीय नाव पँगासिअनोडॉन हायपोफ्थॅल्मस.

मी ठाण्या-डोंबिवलीत लोकांच्या टाक्या सांभाळतो. पाणी बदलणं, फिल्टर धुणं, काचेवरचं शेवाळ खरवडणं, आजारी माशाला औषध देणं, असं महिन्याचं काम असतं. या कामात एक प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारला जातो, आणि तोही आवाज खाली करून, बायको-मुलं आतल्या खोलीत गेल्यावर. “दादा, हा आता फार मोठा झालाय. खाल्ला तर चालेल का?” विचारणारा माणूस लगेच हसतो, म्हणजे नकार आला तर गंमत होती असं म्हणता यावं. मला त्यात गंमत वाटत नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

टाकीएवढाच वाढतो?

आधी मासा मोठा होतोच कसा ते पाहू. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं. ते अर्धवट खरं आणि पुरतं फसवं आहे. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते, कारण त्याच्याच मलमूत्रातून पाण्यात अमोनिया आणि नायट्रेट साठतं, हालचालीला जागा राहत नाही आणि शरीर कुढतं. पाठीचा कणा वाकतो, आयुष्य घटतं. कुंडीत गुदमरणाऱ्या झाडाला कोणी ‘कुंडीएवढं वाढणारं झाड’ म्हणत नाही.

आपल्याकडे घरोघरी असते ती दोन फुटी टाकी. तिच्यात सुमारे 55 लिटर पाणी मावतं. ‘शार्क’ पूर्ण वाढला तर सव्वा मीटरच्या पुढे जातो, वजन 40 किलोच्या वर भरू शकतं. हा मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांच्या खोऱ्यांतला, विणीच्या हंगामात शेकडो किलोमीटर प्रवास करणारा मासा. नजर अधू, स्वभाव घाबरट. खोलीतला दिवा अचानक लावला तर बिथरून काचेवर आपटतो. मी पाहिलेल्या मोठ्या ‘शार्कां’पैकी बहुतेकांचं तोंड ठेचलेलं असतं, एखाद्याचा डोळाही गेलेला असतो.

तो एकटा नाही. ऑस्कर फूटभर होतो. ‘पिरान्हा’ म्हणून विकला जाणारा लाल पोटाचा मासा खरं तर पाकू असतो. मासळी बाजारात तोच रूपचंद नावाने मिळतो, आणि विकणारा लबाड असला तर गोड्या पाण्यातलं पापलेट म्हणूनही गळ्यात मारतो. शेवाळ खाईल म्हणून घेतलेला सकर फूट-दीड फूट लांब होतो आणि मोठेपणी शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाही. जायंट गुरामी जावा बेटावर आवडीने खातात. अमेझॉनच्या काठच्या लोकांना ऑस्कर, अरोवाना, अरापैमा ही रोजची मासळी. आपण दिवाणखान्यात शोभेला ठेवतो त्यातले बरेचसे मासे मुळात कोणाच्या तरी जेवणातलेच आहेत.

बासाची गोष्ट तर याहून वेगळी. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाशी त्याची प्रचंड शेती होते. भारतात तो 1990 च्या दशकात आला, आंध्र प्रदेशात स्थिरावला आणि आता महाराष्ट्रातल्या काही धरणांतही पिंजऱ्यांत वाढवला जातो. जिथून आला त्या नद्यांत मात्र रानटी अवस्थेत तो संकटग्रस्त ठरला आहे. शेततळ्यात वर्षभरात किलोभर वजनाचा झाला की त्याचं तुकड्यांत रूपांतर होतं. टाकीतला त्याचा भाऊ तोवर ठेचल्या तोंडाने काचेआड फिरत असतो.

खारेपाटातला जिताडा

माझं गाव पेण तालुक्यात, खारेपाटात. आमच्याकडे घरामागच्या किंवा शेतातल्या तळ्यात जिताडा पाळतात. पावसाळ्याच्या तोंडाला खाडीत जिताड्याची पिल्लं येतात. ती धरून तळ्यात सोडायची, लहान मासळी-कोळंबी खाऊ घालायची आणि दोन-तीन वर्षांनी काढायची. लग्नकार्य, मानाचा पाहुणा, नाहीतर काम अडवून बसलेला साहेब, यांच्यासाठी जिताडा निघतो. आजही अलिबाग-पेणकडे घरच्या तळ्यातला जिताडा देणं हा मोठा मान समजतात.

माझ्या वडिलांना त्यांच्या तळ्यातले मासे ओळखू येत. कुठला कुठल्या कोपऱ्यात बसतो, कुठला खाण्याला आधी येतो, सगळं ठाऊक. तरी काढायच्या दिवशी हात थरथरत नसे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “पाळला म्हनून काय झालं? खायलाच पाळला ना.”

मला इथे कळीची गोष्ट सापडते. वडिलांनी जिताड्याशी काही ठरवलं होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. ऐसपैस तळं, पोटभर खाणं, मग शेवट. त्यांनी त्याला नाव दिलं नाही, मुलांना त्याच्याशी खेळायला लावलं नाही, आणि तळ्यात मावणार नाहीत इतके मासे कधी सोडले नाहीत. टाकीतल्या माशाचं असं काही ठरलेलं नसतं. तो हौस म्हणून येतो, नाव मिळवतो, वाढदिवसाच्या फोटोत दिसतो. ऑस्करसारखा मासा तर खाऊ घालणाऱ्याला ओळखून काचेपाशी येतो. आर्चर फिश या माशाला माणसांचे चेहरे वेगळे ओळखता येतात हे 2016 साली प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. तेव्हा ‘माशाला काय कळतंय’ हे म्हणणं आता सोडून द्यायला हवं.

मग नाव दिलेला मासा खाणं हा विश्वासघात आहे का? माझं मत असं, की माशाच्या बाजूने नाही. माशाला कढईची कल्पना नसते. त्याला चांगलं पाणी, जागा, खाणं आणि वेदनेशिवाय शेवट एवढं हवं असतं. पण घरातल्या माणसांच्या बाजूने तो विश्वासघात होऊ शकतो. डोंबिवलीतल्या एका घरी आजोबा मूळचे मालवणचे. टाकीतला ऑस्कर पाहून दर वेळी म्हणायचे, “ह्येचा तिखला फक्कड होयत.” नात दर वेळी रडायची. मी आजोबांना सांगितलं, मासा कागदोपत्री तुमच्या मुलाचा असेल, पण खरा तिचा आहे. ती हो म्हणत नाही तोवर विषय बंद. तिने कधीच हो म्हटलं नाही, आणि तो ऑस्कर पुढे एका मोठ्या तळ्यावाल्याकडे गेला. एक मात्र बरं झालं. तिला कोणी खोटं सांगितलं नाही. मासा परस्पर कापून ‘तो समुद्रात आपल्या आईकडे गेला’ असं मुलाला सांगणारी घरंही मी पाहिली आहेत. खाण्यापेक्षा ते खोटं मला जास्त खटकतं.

जीव जातो तेव्हा

माशाला दुखतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण पारडं एका बाजूला झुकत चाललं आहे. 2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांना अ‍ॅसेटिक आम्ल आणि मधमाशीचं विष टोचून पाहिलं. मासे डोलू लागले, खाणं टाळू लागले, काहींनी तोंड तळच्या खड्यांवर घासलं. वेदनाशामक दिल्यावर हे वागणं कमी झालं.

आपला कायदाही माशाला वगळत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. अन्नासाठी मारण्याला कलम 11 मध्ये सूट आहे, पण ती अनावश्यक वेदना न देण्याच्या अटीवर. म्हणजे खाण्यासाठी मारलं हा गुन्हा नाही, हाल करून मारलं हा होऊ शकतो.

घरात हाल होण्याची शक्यताच जास्त. लोकांना वाटतं, पाण्याबाहेर काढून ठेवला की आपोआप मरेल. ‘शार्क’ तर हवेतूनही श्वास घेऊ शकणारा मासा आहे. तो मोरीत तडफडत किती वेळ काढेल याचा भरवसा नाही. फ्रीजरमध्ये जिवंत टाकणं किंवा बर्फात पुरणं हेही तितकंच वाईट, विशेषतः मोठ्या माशाला. हाताला सवय असलेला माणूस डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जड दांड्याचा एकच घाव घालतो आणि लगेच कल्ल्याजवळ कापून रक्त काढतो. हे ज्याला एका घावात जमत नसेल त्याने हात लावू नये, ज्याला जमतं त्याला बोलवावं. खायचा नसेल आणि आजारातून सोडवायचा असेल, तर पशुवैद्य लवंगेच्या तेलाने आधी शुद्ध घालवतात आणि मग मात्रा वाढवतात. असा मासा मात्र खायचा नाही.

औषधांचं गणित

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. तिच्यामुळेच त्या आवाज खाली करून विचारलेल्या प्रश्नाला मी बहुतेक वेळा ‘नको’ म्हणतो.

शोभेच्या माशांना आपण जी औषधं देतो ती, मासा कोणी खाणार नाही असं धरून दिलेली असतात. पांढरे ठिपके आले की मॅलॅकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन, बुरशी आली की मिथिलिन ब्लू, परोपजीवी दिसले की तांब्याची औषधं, आणि काहीच कळेनासं झालं की अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून पाण्यात. यातलं मॅलॅकाइट ग्रीन खाण्याच्या माशांत वापरायला मनाई आहे. माशाच्या शरीरात त्याचं रूप बदलतं आणि ते चरबीत दीर्घकाळ साठून राहतं. मत्स्यशेतीत औषध दिल्यावर किती दिवस मासा विकायचा नाही याचे नियम असतात. तुमच्या टाकीसाठी असे कुठले नियम नसतात. रंग खुलावा म्हणून काही माशांना हार्मोन दिलेली असतात, काहींच्या अंगात तर सुईने रंग टोचलेला असतो. दुकानात येण्याआधी कोलकाता किंवा चेन्नईच्या कोळत्तूरपासून कुर्ल्याच्या बाजारापर्यंतच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात काय काय घातलं, ते तर विचारूच नका.

चवीचंही तसंच. टाकीच्या तळच्या गाळातले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि ते माशाच्या मांसात उतरलं की मातकट वास येतो. आमच्याकडे तळ्यातला मासाही काढण्याआधी दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवतात. त्याने वास जातो, औषध जात नाही.

म्हणून माझी फूटपट्टी सोपी आहे. मासा लहानपणापासून तुमच्याकडे असेल, त्याला कधी औषध दिलं नसेल, तो धडधाकट असेल, नीट मारणारं कोणी असेल आणि घरात सगळ्यांची संमती असेल, तर खाण्यात मला काही पाप दिसत नाही. यातली एक अट जरी तुटली तरी खाऊ नका. बहुतेक घरांत औषधाची अट तुटलेलीच असते.

एक अपवाद कायद्याचा. आशियाई अरोवाना किंवा अरापैमासारखे मासे आंतरराष्ट्रीय संरक्षणाच्या यादीत आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याखाली असे जीव बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते, आणि मासा मेला तर तेही कळवायचं असतं. तिथे खाण्याबिण्याचा विचार नकोच. तसा अरोवाना खाण्याचा विचार कोणी करतही नाही, कारण बऱ्याच ऑफिसांत तो फेंगशुईपोटी बसवलेला असतो. मेला तर मालक हात जोडून म्हणतो, “आमच्यावरचं संकट त्याने अंगावर घेतलं.” मी फिल्टर उघडतो. संकट बहुतेक वेळा तिथे तुंबलेलं असतं.

सोडून देण्याचं पुण्य

खाणं जमत नाही, मारणं बघवत नाही, मग सगळ्यात दयाळू वाटणारा मार्ग उरतो: बादलीत घालून जवळच्या तलावात सोडून देणं. लोक हे हात जोडून करतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं पाप हेच आहे.

उजनीच्या मच्छीमारांना विचारा. धरणाच्या पाण्यात सकर मासा पसरला आहे. अंगावर काटेरी कवच, त्यामुळे जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. त्याच उजनीत भिगवणच्या धाब्यांवर जी चिलापी तळून मिळते तीही बाहेरचीच, 1952 साली भारतात आणलेल्या तिलापियाच्या कुळातली. तिने देशी माशांची जागा घेतली, पण निदान ती खाता तरी येते. मेक्सिकोत इन्फिएर्नियो धरणात सकरच्या जातभाईंनी तिलापियाची भरभराटीची मासेमारी मोडीत काढली. केरळात 2018 च्या पुरानंतर नद्यांत अरापैमा सापडले, ते पाळलेल्या तळ्यांतून वाहून आले होते. श्रीनगरच्या दल सरोवरात 2023 मध्ये अ‍ॅलिगेटर गार सापडला, तो काही अमेरिकेहून पोहत आला नव्हता.

फ्लोरिडाची गोष्ट तर आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे. तिथल्या समुद्रात 1985 साली पहिला लायनफिश दिसला. तो हिंद-प्रशांत महासागरातला, देखणा आणि विषारी काट्यांचा. बहुधा अ‍ॅक्वेरियमवाल्यांनीच तो सोडला. त्याने प्रवाळांवरच्या लहान माशांचा फडशा पाडायला सुरुवात केली. आता तिथलं सरकारच लोकांना सांगतं की हा मासा पकडा आणि खा. काटे काढून त्याचे फिले हॉटेलांत विकले जातात. कोणाच्या तरी टाकीतला मासा बहुधा असाच सोडला गेला, म्हणून आता साऱ्या किनाऱ्याला तो खाऊन संपवायची कसरत करावी लागते आहे.

उजनीत सोडलेला सकर एक जीव वाचवत नाही. त्याला जगायचं असेल तर तिथल्या पाण्यातलं कोणाचं तरी खाणं आणि जागा जाणारच. आणि तो जगला नाही, तर अनोळखी पाण्यात उपाशी मरतो, फक्त आपल्या नजरेआड. पुण्य कुठेच जमा होत नाही.

मग करायचं काय

मोठा झालेला मासा घरात असेल तर आधी मोठी टाकी किंवा तळं असलेला माणूस शोधा. फार्महाउसवाले, शाळा-कॉलेजातली मत्स्यालयं, शौकिनांचे गट यांच्याकडे विचारा. दुकानदाराशी भांडा. बरेच दुकानदार मासा परत घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. हे जमलं नाही तर खाणं किंवा पशुवैद्याच्या हातून शांत मरण, हे दोन्ही मार्ग सोडून देण्यापेक्षा प्रामाणिक आहेत. शाकाहारी घराला हे ऐकायला जड जातं, मला ठाऊक आहे. पण मांसाहार न करण्याचं व्रत तलावातल्या देशी माशांच्या जिवावर पाळता येत नाही.

खरी चूक मात्र कढईपाशी होत नाही, दुकानाच्या काउंटरवर होते. 2017 साली केंद्राने अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांसाठी नियम काढले होते. गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवण्यावर बंदीसारख्या बाबी त्यांत होत्या. धंद्यातून ओरड झाली आणि ते नियम मागे घेतले गेले. माझाही धंदा हाच असल्याने ती ओरड मला समजते. सगळेच नियम शहाणपणाचे नव्हते. पण एक साधा नियम मला आजही हवा आहे. दुकानातल्या प्रत्येक टाकीवर किमतीच्या शेजारी त्या माशाची पूर्ण वाढीची लांबी लिहिलेली असावी. ‘शार्क, जोडी अमुक रुपये, लांबी सव्वा मीटर’ असं वाचून कोणी शहाणा बाप तो मासा दोन फुटी टाकीसाठी घेणार नाही.

तो नियम येईपर्यंत हे काम ग्राहकाने करायचं आहे. पिशवी हातात घेण्याआधी दुकानदाराला विचारा, पूर्ण वाढला की केवढा होतो? त्याने ‘टाकीएवढाच’ असं उत्तर दिलं तर पिशवी परत द्या आणि गप्पी घेऊन घरी जा. गप्पी दोन इंचाच्या फारसा पुढे जात नाही. आणि हो, तोही तलावात सोडू नका.